गाठ सापडली, पण पुढे कोण जाणार? आमच्या क्लिनिकमधली एक केस

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं बायकांचं क्लिनिक आहे. गरोदरपण, पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणं, पिशवीचे त्रास हे रोजचंच. त्याच ओपीडीत तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला आम्ही विचारतो की आलाच आहात तर छातीची तपासणी करून घेता का. ही केस तिथलीच. पेशंटच्या परवानगीने लिहितेय, नावगाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन घरगुती तपशील बदललेत, बाकी मेडिकल भाग जसाच्या तसा.

काकू ५४ वर्षांच्या. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, तीन मुलं, तिघांनाही अंगावर पाजलेलं, बीपीची एक गोळी चालू, घरची तीन एकर शेती. त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या, सुनेला सातवा महिना होता आणि तिच्या सोबतीला आल्या होत्या. सुनेची सोनोग्राफी चाललेली, काकू बाहेर बाकावर बसलेल्या, तेव्हा आमच्या सिस्टरने त्यांना आत बोलावलं. "मला न्हाई काय झालं, सुनेचं बघा तुमी," हे त्यांचं पहिलं वाक्य.

आता गंमत नाही, काळजीची गोष्ट सांगते. वर्षभरापूर्वीच त्यांच्या घरी आशाताई येऊन सरकारी फॉर्म भरून गेल्या होत्या. त्या फॉर्ममध्ये छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखं काही येतं का, आकारात फरक पडलाय का, असे सगळे प्रश्न आहेत, आणि काकूंची सगळी उत्तरं "नाही". मी नंतर विचारलं तर म्हणाल्या ओसरीवर सासरे बसलेले, मालक बसलेले, तिथं काय सांगायचं. आशाताईचा यात काडीचाही दोष नाही, दिवसाला किती घरं करतात त्या. पण हा प्रश्न चार माणसांत विचारला की उत्तर ठरलेलंच असतं. आणि गाठ काकूंना माहिती होती! आंघोळ करताना हाताला लागायची, पण "दुखत नव्हती ना, दुखली असती तर आले असते." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो की ते भिंतीवर लावायला हवं असं वाटतं, कारण खरी गोष्ट बरोबर उलटी आहे, सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

तपासणी कशी केली तेही सांगते, कारण पुष्कळ ठिकाणी ब्लाऊजवरून हात फिरवला की तपासणी झाली असं समजतात. पडदा लावून, आधी बसवून नुसतं बघायचं, हात खाली, मग वर, मग कमरेवर दाबून, कुठे खळी पडते का, कातडी ओढली जाते का, बोंड आत गेलंय का. मग आडवं झोपवून खांद्याखाली उशी, तीन बोटांच्या पेरांनी, आधी हलकं मग मध्यम मग जोरात असा दाब देत, गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यापर्यंत उभ्या पट्ट्यांत, पेरणीला तासाला लागून तास घेतात तसं, मधे जागा सोडायची नाही. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागा. नीट केलं तर पाच-सात मिनिटं सहज जातात. डाव्या बाजूला वरच्या बाहेरच्या भागात सिस्टरच्या हाताला आवळ्याएवढी गाठ लागली, टणक, कडा ओबडधोबड, जराशीच हलणारी. काखेत काही नाही. मी परत बघितलं, तेच.

काहीजण म्हणतात नुसत्या हाताच्या तपासणीने काय होतं, मॅमोग्राफी पाहिजे. मॅमोग्राफी चांगलीच आहे, पण तालुक्याला मशीन नाही, आणि हाताच्या तपासणीला कमी लेखायचं काही कारण नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाखाच्या वर बायकांवर हा अभ्यास केला, ३५ ते ६४ वयाच्या, दर दोन वर्षांनी तपासणी, आणि तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या तर शिकवून तयार केलेल्या दहावी पास महिला कार्यकर्त्या होत्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २०२१ मध्ये आले. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्या बायका तपासणीच्या गटात ३७ टक्के, ज्यांची अशी तपासणी होत नव्हती त्या गटात ४७ टक्के, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, तेही सांगायला पाहिजे. सरकारी कार्यक्रमातही २०१६ पासून तिशी ते पासष्टीच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी हेच धोरण आहे.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते वेगळंच आहे. फिलिपाइन्समध्ये मनिलाला असाच मोठा अभ्यास सुरू झाला होता, १९९६-९७ मध्ये. तिथेही दीड लाख बायका, बहुतेक सगळ्या तपासणीला तयार झाल्या. साडेतीन हजारांच्या आसपास बायकांना गाठ सापडली, आणि त्यातल्या फक्त ३५ टक्के पुढच्या तपासण्या पूर्ण करून आल्या. ४२ टक्क्यांनी तर लोक घरी जाऊन समजावत होते तरी चक्क नकार दिला. अभ्यास पहिल्या फेरीनंतर बंद करावा लागला. म्हणजे गाठ सापडणं हा प्रश्नच नव्हता, सापडल्यावर बाईसोबत पुढे चालायला कोणी नसणं हा प्रश्न होता. ती सोय नसेल तर स्क्रीनिंग कॅम्प घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बाईला नुसती धास्ती देऊन घरी पाठवण्यात काय अर्थ?

काकूंचंही तसंच झालं असतं. मी त्यांना समजावून सांगितलं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करू, मग सुईने तुकडा काढून तपासू. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाई, सुनेचं मोकळं होऊ द्या. सव्वा महिना झाला की मी तुमच्या दारात." त्यांना कळलं नव्हतं असं नाही, बाई बरोबर हिशोब करत होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, हे दुसरं, म्हणजे सासरी. घरात तीन वर्षांचा नातू, दोन म्हशी, म्हातारे सासरे, सून अवघडलेली, आणि या सगळ्यांचा भार एकाच बाईवर. ती बाईच आडवी पडली तर काय? याला अज्ञान म्हणणं हा अन्याय आहे. आणि "लवकर करा नाहीतर मरशील" असं घाबरवून या हिशोबाला उत्तर मिळत नाही, उत्तर मिळतं ते भार कोण उचलणार ते ठरवून.

आमच्या रजिस्टरला एक कॉलम आहे, "कुणाला सांगायचं". पेशंटला आधी विचारतो की घरात कोणाला सांगितलेलं चालेल. मालक नको म्हणाल्या, पोरगा नको, सुनेला तर अजिबात नको, तिला अशा दिवसात टेन्शन नको. मग बराच वेळ विचार करून म्हणाल्या धाकट्या जावेला सांगा. त्या जाऊबाई म्हणजे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात पक्कं माणूस निघाल्या. दुसरं, फोन. घरात मोबाईल मुलाचा. मग ठरवलं की सिस्टर फोन करेल तेव्हा "बीपीच्या गोळ्या न्यायला या" एवढंच म्हणेल, काकूंना काय ते कळेल. हे सगळं त्याच दिवशी ठरवलं, रिपोर्ट वाईट आल्यावर नाही.

जाऊबाई घेऊन गेल्या जिल्ह्याला, एसटीने, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्याचा अशा वेळी खरंच उपयोग होतो. मॅमोग्राफीत दाबलं की दुखतं हे आधीच सांगितलेलं, त्यामुळे घाबरल्या नाहीत. रिपोर्ट: डावीकडे २.३ सेंटिमीटरची गाठ, कडा काटेरी, बाय-रॅड्स ४सी. म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, पण तुकडा तपासल्याशिवाय नक्की नाही.

आणि मग काकू गायब. बीपीच्या गोळ्यांचे दोन फोन झाले, आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंचाच फोन आला. मालकांना फाईल सापडली होती, आणि ते काकूंना घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरकडे गेले होते, तिथे सांगितलं की बायोप्सी-बियोप्सी काही नको, भूल देतो, अर्ध्या तासात गाठच काढून टाकतो, विषय संपला. तारीखही ठरलेली. शिवाय गावातल्या कोणीतरी डोक्यात भरवलेलं की सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो.

मी मालकांना बोलावलं. सुईने कॅन्सर पसरून जीव जातो हे खरं नाही, जगभर आधी सुई आणि मग ऑपरेशन हाच क्रम आहे. आणि न तपासता गाठ उकरून काढली तर कडेला काय राहिलं ते कळत नाही, चीर कुठेही पडते, पुढचं ऑपरेशन नीट करायला सर्जनला अडचण, कॅन्सर आधी जिथे पोचतो ती काखेतली पहिली ग्रंथी शोधून तपासायचं काम अवघड होतं, आणि आधी केमो द्यायची का ऑपरेशन हे ठरवायची संधीच जाते. मालक ऐकत होते, शेवटी म्हणाले, "आमाला कुणी सांगितलंच न्हाई असं." रागावलेला माणूस नव्हता तो, घाबरलेला होता. जाताना त्यांनीच विचारलं सुई कधी ते.

ट्रू-कट बायोप्सी. जागा बधिर करून चौदा नंबरची सुई, टक असा आवाज येतो, तो आवाज आधी ऐकवायचा म्हणजे बाई दचकत नाही. चार-पाच तुकडे, मग दहा मिनिटं दाबून धरायचं, आणि संध्याकाळी घरी. तुकडे सलाइनमध्ये नाही, फॉर्मलिनमध्येच गेले पाहिजेत आणि तेही लगेच, नाहीतर हार्मोन रिसेप्टरचा रिपोर्ट भरवशाचा राहत नाही. ही बारीक गोष्ट आहे पण पुढची पाच-दहा वर्षांची औषधं त्यावर ठरतात. पहिल्या तपासणीपासून सातव्या आठवड्यात रिपोर्ट हातात आला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते बाई पहिल्यांदा आली की ६० दिवसांत निदान व्हावं, आम्ही जेमतेम त्यात बसलो. रिपोर्ट: इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा म्हणजे आजूबाजूला शिरणारा कॅन्सर, ग्रेड दोन, ईआर पीआर पॉझिटिव्ह म्हणजे हार्मोनवर वाढणारा, हर-टू (कॅन्सर वाढवणारं एक प्रथिन) दोन प्लस म्हणजे अधांतरी, म्हणून त्याची खात्री करणारी फिश टेस्ट, ती निगेटिव्ह.

मुलगा आणि मालक आले, आईला सांगू नका म्हणाले. काकू बाहेरच बसल्या होत्या. आत बोलावलं आणि विचारलं, काकू, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती ऐकायचंय? त्या म्हणाल्या, "कॅन्सर हाय ना? मला पहिल्या दिशीच कळलंय. आता सुनेचं कसं करायचं ते सांगा." त्या दिवशी पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बोलणं केलं. सुनेच्या आईला बोलावून घ्यायचं, जाऊबाईंनी म्हशी बघायच्या, नातवाला अंगणवाडीत घालायचं. सुनेला काकूंनी स्वतः सांगितलं. ती रडली, आणि मग म्हणाली, "आत्या, मला आधी का नाही सांगितलं."

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन आणि केमो बसलं. रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं स्पेलिंग, त्यात काही दिवस गेलेच, म्हणून आता आम्ही गाठ सापडली की त्याच दिवशी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून नाव जुळतं का बघतो. हॉस्पिटलात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल गाठायचं, हेही लिहून देतो. कोणीतरी पेट स्कॅनचा आग्रह धरला होता, पण लवकरच्या स्टेजला, काही त्रास नसताना सगळ्यांना त्याची गरज नसते, ते पैसे गाडीभाड्याला ठेवा म्हटलं.

स्तन ठेवून नुसती गाठ काढता आली असती. सर्जनने ते समजावून सांगितलं, मीही सांगितलं, की जगण्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, फक्त स्तन ठेवला तर रेडिएशन घ्यावंच लागतं. काकूंनी पूर्ण काढायचं ठरवलं, कारण शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला रोज जिल्ह्याला जाणं नको. पूर्ण काढलं तरी काखेत काही निघालं तर शेक लागू शकतो हे त्यांना सांगितलेलं होतं, आणि तसंच झालं. काखेत दोन गाठी पॉझिटिव्ह निघाल्या, काख पूर्ण साफ करावी लागली आणि शेक लागलाच, पंधरा वेळा, तीन आठवडे. मला आजही वाटतं की राहायची सोय आधीच नक्की झाली असती तर त्यांनी वेगळं ठरवलं असतं. बायका अंतर बघून अवयव सोडतात ही मला सहन न होणारी गोष्ट आहे.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी सून बाळंत झाली, मुलगी. काकू ड्रेनची नळी-पिशवी घेऊन घरी. पिशवी हातात धरून फिरायला नको म्हणून सिस्टरने ब्लाऊजपीसची झोळी शिवून गळ्यात अडकवून दिली, सकाळ-संध्याकाळ किती पाणी आलं ते वहीत, २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढायची. काकूंचा पहिला प्रश्न, बाळाला घेऊ का, तिला लागेल का माझं? नाही लागत. उजव्या हातावर घ्या, डाव्यावर वजन नको. केमो सुरू झाल्यावर मात्र एक गोष्ट कटाक्षाने सांगितली, बाळाला पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंब दिले की पुढचे काही आठवडे लंगोट बदलायचं, धुवायचं काम काकूंकडे नको, कारण ते जिवंत लसीचे विषाणू शी-तून येतात आणि यांची प्रतिकारशक्ती तेव्हा कमी असते. अशी गोष्ट कॅन्सरच्या वॉर्डात कोणाला सुचत नाही कारण तिथे घरातलं बाळ दिसत नाही, आमच्याकडे सासू आणि बाळ दोघांची फाईल एकाच कपाटात.

केमो, आधी लाल औषध चार वेळा, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला असं बारा वेळा. एक थर्मामीटर दिला आणि सांगितलं की ताप १००.४ झाला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, रात्री दोन वाजले तरी हॉस्पिटल. एकदा तसं झालं, मालक रात्रीच घेऊन गेले, पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या, चार दिवस अॅडमिट, निभावलं. केस गेले तेव्हा मात्र काकू खूप रडल्या, छाती गेली तेव्हा रडल्या नव्हत्या इतक्या. नवरा जिवंत असताना बोडकं डोकं, हे त्यांना सोसवेना. आम्ही समजूत घालायच्या भानगडीत पडलो नाही. जाऊबाई येऊन बसायच्या, डोक्यावर पदर घेऊन दोघी बाहेर पडायच्या.

पॅक्लिटॅक्सेलच्या सातव्या-आठव्या डोसला बोटं बधिर व्हायला लागली. विचारलं तर "हाय थोडं." मग सून म्हणाली, आत्यांच्या भाकरीला आता चिरा पडतात. थापताना पिठाचा अंदाज येत नव्हता, आणि तव्यावरची भाकरी उलटताना बोटं भाजली तरी कळलं नव्हतं, दोन बोटांना फोड. हे आम्ही ऑन्कॉलॉजिस्टना कळवलं, त्यांनी डोस कमी केला. आता आम्ही सगळ्यांना बधिरपणा विचारताना भाकरी, ब्लाऊजचे हुक आणि सुईत दोरा ओवणं असंच विचारतो, "मुंग्या येतात का" याला बायका नाहीच म्हणतात.

हाताच्या सुजेचंही तसंच. काख साफ केल्यामुळे तो धोका राहतोच, म्हणून ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची मापं टेपने ठरलेल्या जागी घेऊन ठेवली होती. पण काकूंना सूज आधी बांगडीने कळली, डाव्या हातातली काचेची बांगडी उतरेना. मापात पावणेदोन सेंटिमीटरचा फरक. फिजिओथेरपी, पट्ट्या, हाताला घट्ट बसणारा स्लीव्ह, हात उशीवर, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम परत नेमाने, त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, खुरपताना हातमोजे आणि कापलं-खरचटलं, लाल झालं की लगेच दाखवायचं. आता फरक एक सेंटिमीटरच्या आत आहे. डाव्या हातात एकच सैल बांगडी घालतात.

ब्लाऊजसाठी सुती कापडाची पिशवी, आत मोहरी, दुसऱ्या बाजूच्या वजनाइतकी, नाहीतर ब्लाऊज एका बाजूला चढतो आणि खांदा-मान दुखते. जखम पूर्ण भरल्यावरच. पदर डाव्या खांद्यावर असतो हे बरंच.

सध्या लेट्रोझोल, म्हणजे शरीरातलं इस्ट्रोजेन हार्मोन कमी करणारी गोळी, चालू आहे, रोज एक, निदान पाच वर्षं. सकाळी उठल्यावर सांधे धरतात, गुडघे आणि बोटं, म्हणून गोळी बंद करायचं त्यांच्या डोक्यात आलं होतं. अशी मधेच गोळी बंद होण्याला मी सगळ्यात जास्त घाबरते, कारण ते कोणाला दिसत नाही. चालणं, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, डेक्सा करून हाडं बघितली, आता सोसतंय म्हणतात. योनीच्या कोरडेपणाचा त्रास त्यांनी दोन व्हिजिटनंतर दबक्या आवाजात सांगितला, त्याला हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर दिलं, इस्ट्रोजेनची क्रीम या गोळीसोबत आपल्या मनाने लावायची नाही हे बजावून.

दर सहा महिन्यांनी तपासणी, उजव्या बाजूची मॅमोग्राफी वर्षाला एकदा. जाऊबाईंची तपासणी झाली, नॉर्मल. सुनेची पाजणं सुटल्यावर करायची. धाकटी मुलगी येऊन गेली, थोरली अजून आलेली नाही, तिच्या सासरी कळू द्यायचं नाहीये, तेव्हा तिच्या नावापुढे "कुणाला सांगायचं" मध्ये काकूंचं नाव लिहिलंय आणि येत्या यात्रेला ती माहेरी आली की काकू स्वतः घेऊन येणार आहेत.